ज्या डोंगरावर आपण राहतो

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी सायंकाळी केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलताना वेळेअभावी गाळलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना परत घातल्या आहेत.)

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणीचे सर्व सदस्य, पहिल्या रांगेत पाठीला उशी लावून बसलेले माझे समवयस्क, खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे उभी असलेली तरुण मंडळी आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या बालमित्रांनो,

समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत. उभा जन्म बँकेत गेल्यामुळे वेळ आणि व्याज या दोन गोष्टी मोजायची सवय आहे. तरी पाचेक मिनिटांचा ओव्हरड्राफ्ट होईल, तेवढा मंजूर करावा.

विषय मी निवडलेला नाही. तो माझ्या नातीने दिला. तिच्या शाळेत प्रकल्प होता, ‘माझा जिल्हा’. एक दिवस वही घेऊन आली आणि म्हणाली, “आजोबा, आपल्या इथलं सगळ्यात उंच शिखर कोणतं?” महाराष्ट्राचं विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं, कळसूबाई, १६४६ मीटर. आपल्या वेळी फुटांत पाठ करून घेत. पण बुलढाण्याचं? इथे अठ्ठेचाळीस वर्षं काढली, आणि मी गप्प. तिने मोबाइलवर शोधलं, तिचंही समाधान होईना. शेवटी मी तिला म्हटलं, बाई, आपल्या उशाला नावाचं असं शिखर नाही. जत्रेला चढावं, वर झेंडा लावावा, खाली उतरून प्रसाद खावा असा सुळका आपल्या वाट्याला आला नाही. आपल्याला आहे तो घाट. ती म्हणाली, “घाट म्हणजे तर रस्ता.”

इथेच मला जाणवलं की हे सांगायला पाहिजे.

आपण सगळे बोलताना म्हणतो, “ते घाटाखालचे”, “आम्ही घाटावरचे”. जुन्या वऱ्हाडच्या कागदपत्रांत याच दोन भागांना पायनघाट आणि बालाघाट म्हणत. आपल्या जिल्ह्याचे तेरा तालुके. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे सहा वर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे सात खाली. निवडणूक असो, निधी असो, नाहीतर सोयरीक असो, हा हिशोब आधी होतो. माझी थोरली बहीण घाटाखाली दिली. मे महिन्यात माहेरी यायची तेव्हा एसटीतून उतरल्याबरोबर पहिलं वाक्य, “आई, तुमच्याकडे पंखा नाही लावला तरी झोप लागते गं!” खाली मलकापूर साधारण अडीचशे मीटरवर, आपण साधारण साडेसहाशेवर. चारशे मीटरचा हा फरक. इंग्रजांनी कचेऱ्यांसाठी ही जागा पसंत केली ती याच गारव्यापायी. मात्र रेल्वे काही वर चढली नाही. मुंबईहून निघालेला रूळ १८६७ साली नागपूरला पोहोचला, तो मलकापूर, नांदुरा, शेगाव असा घाटाखालूनच. आपण आजही गाडी पकडायला राजूर घाट उतरतो. 

हा घाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेची उत्तरेकडची कड. ज्या डोंगरात पश्चिमेला वाघूर नदीच्या काठी लेणी कोरली, तोच हा डोंगर. वरून आपल्याला तो डोंगर वाटतच नाही, कारण आपण त्याच्या पाठीवर बसलो आहोत. हत्तीच्या पाठीवर बसलेल्याला हत्ती दिसत नाही, तसं. डोंगर पाहायचा तर खाली जावं लागतं. मोताळ्याकडून येताना मान वर केली की मग कळतं, आपण राहतो कुठे.

पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये सकाळी लवकर राजूर घाटाच्या माथ्यावर जाऊन उभे राहा. सेल्फीवाल्यांच्या आधी जा. हवा धुतलेली असेल तर समोर पूर्णा नदीचं सगळं खोरं पसरलेलं दिसतं, आणि पार पलीकडे, आभाळाला टेकलेली एक निळी रेघ. तो सातपुडा. अंबाबरवा अभयारण्य, मैलगड तिकडे. त्याच्या पलीकडे मध्य प्रदेश. दोन डोंगरांच्या मधलं हे खोरं गाळाच्या काळ्या मातीचं, कापसाचं. पण त्याचं एक दुखणं आहे, खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या कित्येक गावांत विहिरीला पाणी आहे आणि ते तोंडात धरवत नाही. माझी दोन वर्षं तिकडच्या शाखेत गेली. चहा खारट लागायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं शिपायाने साखरेऐवजी मीठ टाकलं, आणि मी त्याला बोललो. त्याने शांतपणे पाण्याचा पेला पुढे केला.

म्हणजे खाली पाणी आहे पण गोड नाही. वर गोड आहे पण थांबत नाही. का थांबत नाही, ते सांगतो, आणि इथे बालमित्रांनी नीट ऐकावं.

आपल्या घाटाच्या धारेवर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले असं समजा. एक पडला उत्तरेच्या उतारावर. तो नळगंगा, विश्वगंगा नाहीतर ज्ञानगंगेतून पूर्णेला जातो, पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. दुसरा वीतभर दक्षिणेला पडला. तो पैनगंगेत. मढजवळ, बुधनेश्वराच्या परिसरात पैनगंगेचा उगम आहे, आपल्यापैकी बरेच जण श्रावणात तिथे जाऊन आले असतील. तो थेंब वर्धा नदीत, मग प्राणहितेत, सिरोंच्याजवळ गोदावरीत, आणि आंध्रातून बंगालच्या उपसागरात. शेजारी जन्मले आणि एक सुरतेला, एक राजमहेंद्रीला. (घोटाळा वाढवायला आपल्याकडे पूर्णाही दोन आहेत. ही खालची तापीची, आणि देऊळगाव राजाकडची खडकपूर्णा, ती गोदावरीची. सातवीच्या पेपरात यावर मार्क गेले असतील तर वाईट वाटून घेऊ नका, माझेही गेले होते.)

आता आपल्या नळाला येणारं पाणी यातलं कोणतं? दक्षिणेच्या थेंबाचं. चिखली रोडवरचं येळगाव धरण पैनगंगेवर आहे. त्याच्या दरवाजांकडे मुलांना घेऊन जा. त्यांना गोडबोले गेट म्हणतात. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की त्याच्याच दाबाने दरवाजा आपोआप कलतो, जादा पाणी जाऊ देतो, पातळी उतरली की आपोआप मिटतो. वीज नको, ऑपरेटर नको, साहेबाची सही नको. मराठी माणसाच्या डोक्यातून निघालेली ही युक्ती आपल्या गावच्या वेशीवर आहे, आणि आपण तिथे भजी खाऊन परत येतो.

उत्तरेच्या थेंबाचं काय होतं? त्याची गोष्ट मला आज सांगायची आहे, कारण त्यात माझा हिशोब अडकलेला आहे.

आपण इथे राहायला आलो तेव्हाची आठवण जुन्या सभासदांना असेल. बँकेतले आम्ही सात-आठ, बाकी शिक्षक, जिल्हा परिषदेचे, पाटबंधारे खात्याचे. माळरान होतं. सीताफळाची झुडपं, घाणेरी, आणि संध्याकाळी कोल्हे. प्लॉट पाडले तेव्हा लोक हसले, “घाटाच्या काठावर घर बांधता, वारा उडवून नेईल.” पहिली बोअर घेतली, एकशे चाळीस फुटांवर पाणी लागलं. नारळ फोडला, पेढे वाटले. आठ वर्षांनी ती उन्हाळ्यात दम टाकू लागली. दुसरी घेतली, दोनशे साठ. तिसरी चारशे दहा फूट गेली आणि आतून निघाला नुसता कोरडा काळा भुगा. त्या दिवशी पेढे कोणी वाटले नाहीत, बिल मात्र सगळ्यांना वाटलं.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. त्या दगडात पाणी स्पंजासारखं भरलेलं नसतं. वरच्या मुरमात आणि दगडाच्या फटींत काय साठेल तेवढंच. खोल गेलं म्हणजे नवं पाणी सापडतं असं नाही; बऱ्याचदा वरच्या फटींतलंच खाली ओढलं जातं. फटी संपल्या की पाणी संपलं. माझ्या भाषेत सांगायचं तर मुद्दल थोडं, आणि आपण व्याज समजून मुद्दलच काढत राहिलो.

हे खातं आपल्या एकट्याच्या नावाचं नाही. घाटाच्या कुशीत, आपल्या टाकीपासून पायवाटेने तास-दीड तास उतरून गेलं की एक वस्ती लागते. तीसेक घरं. काही भिल्लांची, काही बंजाऱ्यांची, दोन गवळ्यांची. बुलढाणा हे नावच मुळी भिल्लांच्या ठाण्यावरून, भिल्लठाण्यावरून, आलं असं सांगतात. म्हणजे मूळ भागधारक ते, आपण नंतर शेअर घेतलेले. वस्तीचं नाव मी घेत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत आणि मी सांगणार आहे त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेलो १९८३ साली, कृषी अधिकारी म्हणून. एकात्मिक ग्रामीण विकासाची योजना जोरात होती. दहा शेळ्या, एक बोकड. एक तृतीयांश सबसिडी, बाकी कर्ज. आम्हाला उद्दिष्ट असायचं, महिन्याला अमुक प्रकरणं. त्या वस्तीतली चार प्रकरणं मी केली. एका घरातल्या कारभारणीने मला विचारलं होतं, “साहेब, अकरा जनावरं होतीन, पण चारा? आमी इथलेच, डोंगर आमाले मालूम हाय. दहाले पुरत नाही.” मी हसून म्हटलं, योजनेत दहाच बसतात, पाच बसत नाहीत. ते खरंही होतं. युनिट कॉस्ट ठरलेली होती. फॉर्मवर शेळ्यांचा रकाना होता, गवताचा नव्हता.

शेळ्यांचा विमा असायचा. कानात पितळी बिल्ला मारायचा, त्यावर नंबर. जनावर मेलं तर बिल्ल्यासकट कान दाखवायचा, तर दावा मंजूर. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्या शेळ्यांना हगवण लागली. चार मेल्या. दोन बिबट्याने नेल्या. तिच्या नवऱ्याने बाजाराच्या दिवशी शाखेत येऊन मला सांगितलं, “साहेब, चाला पाहाले.” मी म्हटलं, सोमवारी येतो. सोमवारी पाऊस होता. मंगळवारी मॅनेजर साहेबांनी ऑडिटचं काम दिलं. मी पोहोचलो आठव्या दिवशी. तोवर नाल्याला पूर येऊन गेला होता आणि उरलंसुरलं तडसांनी नेलं होतं. बिल्ले फक्त दोन मिळाले. मी रिपोर्टात लिहिलं, “उर्वरित जनावरांचे बिल्ले आढळून आले नाहीत.” वाक्य बरोबर होतं. ते का आढळले नाहीत, हे त्यात लिहायला जागा नव्हती असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. जागा होती. शेरा म्हणून चांगला तीन ओळींचा रकाना होता.

दोनचा दावा आला, चारचा गेला. हप्ते थकले. १९८६ च्या मार्चमध्ये वसुली मोहीम निघाली. बँकेत नोकरी केलेल्यांना मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. मी जीप वर ठेवून खाली उतरलो, बरोबर शिपाई. नवरा कामाला गेलेला होता. ती दारात उभी. मी नोटीस वाचून दाखवली. आवाज चढवला नाही, वाईट शब्द बोललो नाही. हे मी स्वतःच्या बाजूने सांगतो आहे असं समजा. ती काही बोलली नाही. चौथ्या दिवशी दोघं शाखेत आले आणि १८६० रुपये काउंटरवर ठेवले. सुट्ट्या नोटा, काही घामाने चिकटलेल्या. कॅशियरने मोजायला वेळ घेतला. मी समोरच बसलो होतो म्हणून माझं लक्ष खाली गेलं. तिच्या पायात चांदीचे तोडे असत, चांगले जाड, माहेरचे. त्या दिवशी पाय मोकळे होते आणि घोट्यांवर नुसता पांढरा वळ.

मला शाबासकी मिळाली. वसुली शंभर टक्के.

पुढे चारच वर्षांनी, १९९० साली, केंद्र सरकारने दहा हजारांपर्यंतची ग्रामीण कर्जं माफ केली. त्या वस्तीतल्या बाकीच्या तिघांनी भरणा केला नव्हता, ते योजनेत बसले. ही बसली नाही, कारण तिच्या नावावर काही थकलेलंच नव्हतं. यादी मीच तयार केली. वाटलं तर याला नियम म्हणा. मी त्या दिवशी घरी जेवलो नाही, एवढंच सांगतो.

आता डोंगराकडे परत येतो.

१९९७ साली ज्ञानगंगा अभयारण्य झालं. सुमारे २०५ चौरस किलोमीटर. खामगावला जाताना बोथ्याचा घाट लागतो तो त्यातच. साग, सालई, अंजन, धावडा. अस्वलं भरपूर, बिबटे, नीलगाई. जंगल राखायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी नसती तर आज तिथे माळ असता. पण बंदीचा दाम कोण भरतं हेही पाहायला पाहिजे. आतल्या देव्हारीसारख्या गावाच्या पुनर्वसनाचा विषय आपण वर्तमानपत्रात किती वर्षं वाचत आलो! आणि जी गावं, वस्त्या सीमेवर आहेत, त्यांच्या शेळ्या सीमा वाचत नाहीत. त्या बाईच्या वस्तीतल्या शेळ्या हळूहळू संपल्या. सीताफळं, चारोळी, तेंदूपत्ता यावर भागेना, तेव्हा पोरं बाहेर पडली. मलकापूरला गाडी पकडून बरीच सुरतेला गेली. उत्तरेच्या थेंबाची वाट मी मघाशी सांगितली ना, त्याच वाटेने.

याच डोंगरात २०१९ च्या डिसेंबरात एक वाघ आला होता, ते बहुतेकांना आठवत असेल. गळ्यात कॉलर असलेला तरुण नर. यवतमाळच्या टिपेश्वरहून जूनमध्ये निघाला, तेलंगणात डोकावला, शेतं, नाले, रस्ते ओलांडत पाचेक महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोहोचला. नंतरची भटकंती धरली तर तीन हजारांच्या घरात. जगभर बातमी झाली. त्याच्यासाठी वाघीण आणावी का, यावर मोठमोठ्या लोकांत चर्चा झाली. मला कौतुकच वाटलं, जोडीदाराच्या शोधात एवढं कोण चालतं हल्ली! पण मनात आलं, की वाघ किती चालला ते कॉलरमुळे कळलं. सुरतेला गेलेल्या पोरांच्या गळ्यात कॉलर नव्हती.

चांगलंही काही झालं, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. महामार्गाच्या भरावासाठी लागणारा मुरूम तलावांतून, नाल्यांतून काढायचा, म्हणजे रस्ताही होतो आणि तलावही खोल होतो, या कल्पनेला देशात ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणतात. आपल्या जिल्ह्याचं नाव मागासलेपणाच्या यादीखेरीज आणखी कुठे आलं, याचा मला आनंद आहे. गाळ काढलेल्या तलावांखालच्या विहिरींना त्याचा फायदा झालेला मी स्वतः पाहिला.

तर, नातीचा प्रकल्प. गेल्या दिवाळीनंतर मी तिला म्हटलं, चल, तुला घाट दाखवतो. गुडघे तक्रार करत होते, सूनबाई रागावल्या होत्या, पण काठी घेऊन उतरलो. सीताफळांचा शेवटचा बहर होता. मधे चार वेळा बसलो. वस्तीत पोहोचलो तेव्हा माझ्या मनात धाकधूक होती की ती बाई असेल का, आणि त्याहून जास्त, असली तर काय. 

होती. केस पांढरे, पाठ वाकलेली, नजर मात्र तशीच. नवरा जाऊन दहा वर्षं झाली. मला पाहून एक क्षण थांबली आणि म्हणाली, “ह्या वक्ती कायची वसुली, साहेब?” आणि मनमोकळं हसली. मला हसता आलं नाही. तिने बाज टाकली, नातीला जवळ घेतलं, चहा ठेवला. मी बोलायचं ठरवून गेलो होतो. वाक्यसुद्धा तयार होतं. ते घशात राहिलं. मी विचारलं काय, तर, “विहिरीला पाणी कसं आहे?”

ती म्हणाली, “पह्यले धा हात दोर लागे. आता सतरा हात लागते. वरतं बोरी खंदल्या न तुमी लोकाईनं, तवापासून.” रागाने नाही, पाऊस कमी झाला असं सांगावं तसं सांगितलं. मी भूगर्भशास्त्राचा माणूस नाही. तिच्या विहिरीतलं पाणी आपल्याच बोअरने ओढलं असं सिद्ध करून देता येणार नाही. पण उतारावरच्या झऱ्याला पाणी वरूनच येतं, हे समजायला शास्त्र लागत नाही. आणि हा रिपोर्ट लिहिताना मला शेऱ्याचा रकाना मोकळा सोडायचा नाही.

म्हणून आधीच सांगून ठेवतो, म्हणजे सभेत कोणाला धक्का नको. पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत चौथ्या बोअरचा विषय आहे. मी विरोधात हात वर करणार आहे. त्याच खर्चात आपल्या सगळ्या गच्च्यांचं पाणी पाइपाने खाली आणून पहिल्या दोन बोअरभोवती मुरवता येतं. अंदाजपत्रक मी करून आणलं आहे, सचिवांकडे दिलं आहे, आकडे तपासून घ्यावेत. आपल्याकडे वर्षाला सातआठशे मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या गच्च्यांवरचं पाणी आज गटारातून घाटाखाली जातं. उन्हाळ्यात टँकर लागेल, दोन वर्षं तर नक्की लागेल. तेव्हा मला शिव्या द्या. मी सत्तरी ओलांडली आहे, ऐकू कमी येतं.

निघताना नातीने आपली वही काढली. घाटाचं चित्र काढायचं होतं तिला. तिने त्या आजीला सरळ विचारलं, “आजी, इथलं सगळ्यात उंच काय आहे?” मला वाटलं ती एखादी टेकडी दाखवेल, एखादा देव सांगेल. तिने डोळ्यांवर हात धरला, वर घाटाच्या कडेकडे बोट केलं आणि म्हणाली, “ते पांढरं दिसते ना, ते.”

मी पाहिलं. ती आपली पाण्याची टाकी होती. आपल्याला जिन्यावरून रोज दिसते ती. खालून पाहिलं तर संपूर्ण डोंगराच्या वर तीच. नातीने चित्रात काढून घेतली, खाली नाव लिहिलं. सकाळचे साडेनऊ झाले असतील, पंप चालू करून कोणीतरी विसरलं होतं. टाकी भरून वाहत होती, आणि उन्हात ती धार एवढ्या लांबूनही चमकत होती.

सचिव घड्याळ दाखवताहेत. थांबतो. नमस्कार.